कानाचं मशीन: नऊ महिन्यांचा अनुभव, अंदमानच्या दुसऱ्या फेरीसकट

दुकानातली मुलगी म्हणाली होती, "आजी, तीन महिने रोज घाला, मगच बरं-वाईट बोला." मी नऊ महिने घातलंय, तेव्हा आता बोलते.

नोकरी सगळी पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये झाली, परगावचे फोन जोडून द्यायची. हेडसेट डोक्यावर, समोर बोर्ड, खरखरीतून नेमके आकडे वेचायचे. त्या माझ्याच कानांना सत्तरीत 'फोन आलाय' आणि 'कोण आलंय' यातला फरक कळेना. तपासणीत निघालं की खर्जातलं ठीक ऐकू येतं, बारीक पट्टीतलं गेलंय. स, श, फ, थ ही अक्षरं तिथेच राहतात, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. वरून आपण घरच्यांनाच म्हणतो, "नीट बोला, पुटपुटू नका."

मशीन कानामागे बसतं, बारीक तार कानात जाते. चार्जिंगचं आहे. दोन्ही कानांच्या किमतीत बरी दुचाकी आली असती. पहिले पंधरा दिवस वैताग. पिशवीची चुरचुर, बांगड्या, नळ, सगळं अंगावर येतं आणि स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. सहा आठवड्यांनी केव्हातरी ते विसरायला झालं. पंगतीत मात्र अजूनही शेजारणीचं सोडून तीन पानं पलीकडच्या वाढप्याचंच ऐकू येतं. त्यावर इलाज नाही.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. लेक-जावई आणि नातवाबरोबर आम्ही दोघं अंदमानला गेलो. १९८८ साली एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर, गेलो होतो, त्यानंतर आत्ताच. तेव्हा मद्रासहून जहाजाने तीन दिवस लागले, निम्मा वेळ उलट्यांत. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा एकच रोल, त्यामुळे भांडण ठरलेलं. पोचल्याचा फोन करायला तासभर थांबले. तिथला फोन उपग्रहावरून जायचा, म्हणजे छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तेवढाच खाली. आपण बोलायचं आणि क्षणभर गप्प बसायचं. सासूबाईंना ते ठाऊक नव्हतं, त्या मध्येच बोलायच्या. चार मिनिटांत दोघींनी फक्त "हॅलो" म्हटलं.

आता समुद्राखालून केबल आहे, चेन्नईपासून सुमारे २,३०० किलोमीटर, २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. कॉर्बिन्स कोव्हच्या वाळूत बसून नातवाने पुण्याला माझ्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. ब्लूटूथने तिचा आवाज थेट दोन्ही कानांत. तिच्या कुकरची शिट्टीसुद्धा आली. मशीनला पूर्ण गुण द्यावेत असा तो एकच प्रसंग. त्या दिवशी चार्जिंग मात्र दुपारीच निम्म्यावर आलं. फोनवर बोललं की ते भराभर उतरतं, हे लक्षात ठेवा.

कॉल संपला आणि जाणवलं, समुद्र कुठाय? लाटा डोळ्यांसमोर फुटत होत्या, नातू बोलत होता ते स्वच्छ ऐकू येत होतं, पण लाटांचा आवाज कुणी दार लोटून घ्यावं तसा बाहेर राहिलेला. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, तो दाबायचा आणि माणसाचं बोलणं पुढे आणायचं, असं या मशीनला शिकवलेलं. पंख्याला, बसच्या इंजिनाला हे ठीक आहे. समुद्राला कोण गोंगाट म्हणतं?

मशीन काढून बघितलं. घों घों आली, पण नुसतीच जाडीभरडी. लाट मागे फिरताना वाळूतून जो सुर्रर्र आवाज जातो, तो नाही. तो बारीक पट्टीतला, माझ्या कानातून केव्हाच गेलेला. म्हणजे घातलं तर समुद्र दाबलेला, काढलं तर अर्धा. बसले काढत-घालत. आमचे ह्यांना स्वतःला मशीन नको आहे, "मला सगळं ऐकू येतं" हे तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात. ते म्हणाले, "एक कान घाल, एक काढ." घालून बघितलं. चक्कर आल्यासारखं झालं.

वाऱ्याचं वेगळंच. बोटीच्या डेकवर मशीनच्या माइकवर वारा आपटतो तो असा, की गप्प केबिनमध्ये जाऊन बसले. सेल्युलर जेलचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रमही निम्मा हुकला. उघड्या अंगणात लांबचे लाउडस्पीकर, भिंतींवरून परत येणारा आवाज, शब्द एकमेकांत मिसळले. दिवसा सावरकरांच्या कोठडीपाशी शांत होतं, तिथे माहिती सांगणाऱ्याचं सगळं कळलं. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर कैदी दिसूच नये. जन्मभर माणसं जोडून देणारी मी, ती बांधणी बघून चांगलीच गप्प झाले. सात इमारतींतल्या तीनच आता उभ्या आहेत.

रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) मुळांनी वेढलेल्या पडक्या इमारतींमधून हरणं फिरतात. पाठीमागे पाचोळा वाजला म्हणून मी वळले तर हरीण. माझ्याआधी कुणाला कळलं नव्हतं. हे मी घरी सगळ्यांना दोनदा सांगितलंय.

दमट हवेसाठी सिलिका जेलची डबी न्या. निळे मणी गुलाबी झाले की ओल धरली समजायचं. मी ती नेली नाही, परतल्यावर उजवा कान बंद पडला. वॉरंटीत होतं, तरी दुकानाने तीन फेऱ्या मारायला लावल्या.

तिसऱ्या फेरीत मात्र तिथल्या मुलीला समुद्राचं सांगितलं. ती म्हणाली, "मग आजी, गाण्याचा प्रोग्राम लावायचा ना!" त्यात गोंगाट दाबणं बंद असतं. सहा महिने तो माझ्या मोबाइलमध्येच होता, मी गाणी ऐकत नाही म्हणून उघडला नव्हता. ॲपमध्ये त्याचं नाव बदलता येतं. नातवाने 'अंदमान' करून ठेवलंय. यंदाचा पहिला पाऊस मी त्याच्यावर ऐकणार आहे.