हरीण पळवणारी शिट्टी: तेरा महिने वापरून

किंमत ३४९ रुपये, जोडीची. काळं प्लास्टिक, अंगठ्याच्या पेराएवढा आकार, मागे डबल टेप. बंपरवर दोन्ही बाजूंना चिकटवायची, तोंड पुढे करून. गाडी ५० च्या वर गेली की आतून हवा जाते, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि ४०० मीटरवरचं हरीण रस्ता सोडून पळतं, असं खोक्यावर लिहिलंय. चित्र कुठल्यातरी परदेशी हरणाचं आहे. नाव देत नाही, कारण तीन वेगवेगळ्या नावांनी हाच माल ऑनलाइन मिळतो आणि फोटो पाहिले तर साचा एकच.

मी गोंदियात लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढतो. सीझनमध्ये रात्री एक-दोनला गाडी चालवणं हा आमच्या धंद्याचाच भाग. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी, कुठूनही परत यायचं म्हटलं की जंगल आडवं येतं. कोहमाऱ्याहून गोरेगावकडे येणारा रस्ता तर नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांच्या मधून जातो. इकडची जनावरं तिकडे जाणार ती हाच रस्ता ओलांडून. २०२३ च्या ऑगस्टात मुरदोलीजवळ एका कारने वाघ उडवला, त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. वाघ होता म्हणून फिरला. चितळ मेलं तर सकाळी कावळे जमतात, बस.

माझ्या हातून मेलं ते चितळच. मागच्या एप्रिलातली गोष्ट. नवेगावबांधच्या बाजूचं लग्न आटोपून निघालो, दीड वाजून गेला होता. असिस्टंट बाजूच्या सीटवर ड्रोनची पेटी मांडीवर घेऊन झोपलेला. वेग ७०. डावीकडून एक चितळ आलं, टणकन उडी मारून उजवीकडे गेलं. मी ब्रेक मारला, गाडी चाळिसावर आली, सुटलो म्हटलं आणि पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला. दुसरी त्याच जागेवरून आली. आवाज मोठा झाला नाही. तांदळाचा कट्टा ट्रकमधून खाली टाकल्यासारखा एकच धप्प.

चितळ एकटं नसतं, हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मलाही होतं. पण पहिलं गेलं की हुश्श म्हणून पाय खाली जातो, तो जातोच.

ती रस्त्याच्या कडेला पडली होती, मोहाच्या झाडाखाली. त्या दिवसांत मोहफुलं गळतात, रात्रभर टपटप चालू असते आणि रस्त्याच्या कडेला जिथे जिथे मोह आहे तिथे चितळं हमखास येतात. मी व्हिडिओचा एलईडी लाइट काढला. मागचे पाय हलत नव्हते. कान मात्र आमच्या बोलण्याकडे वळत होता. ओठाच्या कोपऱ्यात मोहाचं फूल होतं, अर्धं चावलेलं. असिस्टंट म्हणाला, "भाऊ, पाणी देऊ का?" दिलं नाही. जवळ गेलो तर ती उठायची धडपड करायची, म्हणून लाइट बंद करून दूर उभे राहिलो.

१९२६ हा वनविभागाचा नंबर मला तोंडपाठ नव्हता, असिस्टंटला होता. फोन लगेच उचलला. जागा नीट सांगा म्हणाले, तेव्हा पहिल्यांदा आयुष्यात किलोमीटरचा दगड शोधत अंधारात चाललो. मध्येच एका मोटारसायकलवर दोघे आले. "गाडीले लई लागलं का भाऊ?" मग लाइट तिकडे मारून, "मंग ह्याचं काय करता?" फॉरेस्टला फोन लावला आहे म्हटल्यावर "असं का" म्हणून निघून गेले. त्यांनी काय विचारलं होतं ते मला घरी आल्यावर नीट समजलं.

गार्ड आणि दोन मजूर तासाभरात आले. तोवर ती गेली होती. पंचनामा माझ्याच लाइटवर झाला. जी बॅटरी संध्याकाळी वरातीसाठी चार्ज केली होती तिच्यावर. वेग विचारला. ७० होता, ७० सांगितला.

गाडीचं: बंपर, जाळी, डावा हेडलाइट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर. बिल ५२,००० च्या आसपास. जनावर धडकलं तरी ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, क्लेम बसतो, नुसता थर्ड पार्टी असेल तर छदाम मिळत नाही. माझा फुल होता, पण झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घेतलं नव्हतं, म्हणून प्लास्टिकच्या प्रत्येक भागाचे निम्मे पैसे माझ्याकडे आले. आणि आजकाल गाडीचं पुढचं तोंड म्हणजे प्लास्टिकच. वनविभागाच्या पंचनाम्याची कॉपी जोडली तर सर्व्हेअर जास्त प्रश्न विचारत नाही, एवढं सांगून पुढे जातो.

डेंटर म्हणाला, पुढे लोखंडी गार्ड मारून घ्या, मग रोही (नीलगाय) आला तरी चिंता नाही. आधीच सांगतो, मारू नका. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने गार्डवर बंदी घातलेली आहे, दंड होतो. आणि धडकेचा धक्का जिरवायला गाडीचं तोंड चेपायचं असतं, ते गार्डमुळे चेपत नाही. समोर जनावराऐवजी माणूस असेल तर त्याचं काय होईल ते वेगळंच. तो नाद सोडला आणि त्याच रात्री ही शिट्टी मागवली. मनाला काहीतरी पाहिजे होतं, दुसरं काय.

आता शिट्टीचं.

लावायला सोपी. टेप चांगली आहे, हे कबूल. पहिला महिना मी खूश होतो. एकही जनावर आडवं आलं नाही. मग लक्षात आलं की त्या महिन्यात लग्नंच गोंदिया शहरातली होती.

माझ्याकडे माईक आहेत, रेकॉर्डर आहे, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा आलेख दिसतो. माणसाला ऐकू येत नाही म्हणता, तर डोळ्यांनी पाहू. एका रविवारी सकाळी बिरसी विमानतळाच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. असिस्टंटला कडेला बसवलं, हातात लांब नळीचा माईक, रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येईल. मी तीन वेगांत त्याच्या अंगावरून गेलो.

४० ला काहीच नाही. कोरा आलेख. ६० ला सोळा किलोहर्ट्झच्या जवळ एक केसासारखी रेघ, तीही गाडी अगदी जवळ आल्यावर. ८० ला रेघ जाड झाली, पण दिसायला लागली तेव्हा गाडी तीसेक मीटरवर आलेली होती. व्हिडिओ आणि ऑडिओ जुळवून मोजलं, अंदाजाने नाही सांगत. ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे चितळाला शिट्टी मिळते ती धडकेच्या सव्वा-दीड सेकंद आधी. खोक्यावरचे ४०० मीटर कोणत्या रस्त्यावर मोजले देव जाणे. आणि मुख्य म्हणजे जंगलात ज्या वेगाने चालवायला पाहिजे, त्या वेगाला ही वाजतच नाही.

बरं, वाजली तरी हरणाला तिचं काय? अमेरिकेत हा त्रास आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. तिथल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या लोकांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे कान तपासले. त्यांना सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते चार ते आठ किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे माणसालाही सहज ऐकू येणारा आवाज. मग त्यांनी चालत्या गाडीवरून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज रस्त्याकडेच्या हरणांना ऐकवले. धडक टळेल असं त्यांचं वागणं कुठल्याच आवाजाने बदललं नाही. हे २००९ साली छापून आलं. माझी शिट्टी त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेली आहे, आणि खोक्यावर चित्र त्याच हरणाचं!

तरी म्हटलं, आपल्या डोळ्यांनी पाहू. डॅशकॅम आहेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, परत येताना जनावर उजेडात दिसलं की शूटच्या डायरीत टाचण करत गेलो. दिवाळीनंतर आमच्याकडे लग्नं आणि झाडीपट्टीची नाटकं एकदमच सुरू होतात, रात्री रस्त्यावर वर्दळ असते, तरी १९ वेळा चितळं दिसली. त्यातले दोन महिने शिट्टीच्या तोंडावर चिकटपट्टी मारली होती, दोन महिने उघडी. कोणते फुटेज कोणत्या महिन्याचे हे न सांगता असिस्टंटला दाखवले आणि विचारले, सांग यात शिट्टी चालू कधी होती. त्याने जे उत्तर दिलं ते नाणं उडवूनही मिळालं असतं. चितळं दोन्हीकडे तेच करतात: मान वर, कान पुढे, डोळे हिरवट चमकतात आणि जागच्या जागी पुतळा. पळाली तर शेवटच्या क्षणी, आणि कुठेही. कधी कधी गाडीकडेच.

टिकाऊपणा. जुलैत रोवण्याच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातला चिखल रस्त्यावर आणतात, त्याने दोन्ही तोंडं बुजली. टाचणीने साफ केली. दिवाळीत पाहिलं तर उजव्या शिट्टीत कुंभारीण माशीने घर केलेलं, मातीने छान लिंपून घेतलेलं. शंभर टक्के बंद. किती दिवस मी एकाच शिट्टीवर फिरत होतो कोणास ठाऊक, आणि फरक काही पडला नव्हता, हेही आलंच. डावी मार्चमध्ये वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने उडाली.

एका लग्नाच्या निमित्ताने मनसरवरून सिवनीला गेलो होतो. तो ४४ नंबरचा हायवे पेंचच्या जंगलातून जातो आणि तिथे रस्ताच वर उचलला आहे, जनावरांनी खालून जायचं. अशा नऊ जागा आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले होते. २०१९ च्या मार्च ते डिसेंबरमध्ये त्यात १८ जातींच्या जनावरांचे ५,४५० फोटो मिळाले, वाघच ८९ वेळा. एवढे फोटो मी दोन लग्नांत काढतो, पण त्यातला एकही इतक्या कामाचा नसतो. वरून गाडी चालवताना खाली जंगल आहे हे कळतही नाही. दोन्ही बाजूंना उंच भिंती, आवाज आणि उजेड खाली जाऊ नये म्हणून. मी मोकळेपणाने ८० ने गेलो आणि मनात मुरदोली आली.

आमच्या रस्त्यावर सध्या आमचं आम्हीच पाहायचं. मी आता कोहमाऱ्यापासून पुढे जंगल संपेपर्यंत ४५ च्या वर जात नाही. ७० ला दिसल्यापासून गाडी उभी राहायला पन्नासेक मीटर लागतात आणि लो बीम जेमतेम चाळीस मीटर दाखवतो, म्हणजे आपण पाहूच शकत नाही अशा जागेत गाडी घालतो. ४५ ला तीस मीटरच्या आत थांबते. एक चितळ गेलं की गाडी जवळजवळ उभी करायची आणि दुसऱ्याची वाट पाहायची. आलं नाही तर बरंच. समोर उभं राहिलं तर हाय बीम खाली करून हॉर्न. आणि काही झालं तरी स्टिअरिंग वळवायचं नाही, कडेचा साग चितळापेक्षा कडक असतो. असिस्टंटला परतीच्या रात्री जागं राहायचे वेगळे १०० रुपये देतो. त्याने फक्त डावी कड पाहायची. "भाऊ, डोळे" एवढं म्हटलं की माझा पाय ब्रेकवर. चार परतींत शिट्टीएवढे पैसे जातात, पण हा पोट्टा पन्नास मीटरवरून वाजतो आणि ४० च्या खालीही वाजतो.

वेळ मात्र पंचवीस मिनिटं जास्त लागतो. बायकोला ते आवडत नाही.

पाचपैकी एक स्टार, तोही टेपला. परत करायची मुदत दहा दिवसांची होती, ती मी खुशीत असतानाच संपली. उरलेली उजवी शिट्टी परवा काढली, माशीचं घर फोडलं, धुतली आणि सहज तोंडात धरून जोरात फुंकली. शेजाऱ्यांचा कुत्रा ओट्यावर झोपला होता, तो उठून आमच्या फाटकाशी येऊन बसला.