घोट वगळून ‘मी कधीच’ : आठ महिन्यांचा अनुभव

आम्ही सात जण ठाण्यातल्या एकाच कॉलेजचे. आता कोणी घोडबंदरला, कोणी ऐरोलीत, मी नेरूळला. महिन्यातून दोन शनिवार जमतो आणि मागच्या वर्षापर्यंत दर वेळी तेच बोलायचो: घराचे हप्ते, मुलांची ॲडमिशन, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक. साडेनऊ वाजले की जो तो आपल्या मोबाइलमध्ये. वीस वर्षांची मैत्री, आणि एकमेकांचं काय चाललंय ते स्टेटसवरून कळायचं. मला याचं फार वाईट वाटायचं. म्हणून नोव्हेंबरात आमच्या घोडबंदरकराने ड्रिंकिंग गेमच्या पत्त्यांचा डबा आणला, तेव्हा मीच सगळ्यांना ओढून बसवलं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: एकाने पत्ता वाचायचा, ‘मी कधीच अमुक केलेलं नाही’. ज्याने ते केलंय त्याने घोट घ्यायचा. एवढाच खेळ.

पहिले दोन शनिवार आम्ही तो डब्यावर छापल्याप्रमाणे खेळलो. हसलो खूप. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला एकाचंही उत्तर आठवेना, कारण उत्तर कोणी दिलंच नव्हतं. ‘मी कधीच साहेबांना खोटं सांगून सुट्टी घेतलेली नाही’ म्हटलं की सहा ग्लास वर जातात, हशा पिकतो आणि पुढचा पत्ता निघतो. कोण काय खोटं बोललं, त्या सुट्टीत कुठे गेलं, हे पोटातच राहतं. घोट घेतला की सांगण्यातून सुटका! या पत्त्यांतली खरी खोट मला हीच वाटते.

तिसऱ्या वेळी एकीचा धाकटा भाऊ सोबत आला, बावीस वर्षांचा. महाराष्ट्रात बीअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. शिवाय दोघांना गाडी चालवत घरी जायचं होतं. त्या रात्री बाटली उघडलीच नाही, कोकम सरबत केलं, चकणा तोच ठेवला आणि नियम बदलला. दहाही बोटं वर धरायची. केलं असेल तर एक बोट मिटायचं आणि त्यामागची गोष्ट सांगायची. नसेल सांगायची तर ‘पुढे’ म्हणायचं, मग कोणी एका शब्दाने विचारायचं नाही. बोटांचा हा प्रकार बाहेरही खेळतात, गोष्टीची अट आमची. त्या दिवशी अकरा पत्ते झाले आणि साडेबारा वाजले. आधी तासाभरात अख्खा डबा संपायचा.

डब्यातले निम्मे प्रश्न आमच्या कामाचे नव्हते. प्रॉमला, म्हणजे अमेरिकेतल्या शाळांच्या नाचाच्या पार्टीला, आमच्यातलं कोण गेलंय? मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून आम्ही आपले प्रश्न मराठीत लिहिले. ‘मी कधीच पाहुणे गेल्या गेल्या आहेराची पाकिटं उघडलेली नाहीत.’ ‘मी कधीच आईने दिलेला डबा न खाता टाकलेला नाही.’ या दुसऱ्या प्रश्नावर पाऊण तास गेला. कोणी लोकलमध्ये सीटखाली सोडला होता, कोणी स्टेशनबाहेरच्या कुत्र्याला घातला होता, आणि एकीने सांगितलं की तिची आई गेली त्या आठवड्यातला शेवटचा डबा तिने भाजी दुधीची म्हणून तसाच परत आणला होता. त्यानंतर बराच वेळ कुणीच पुढचा पत्ता उचलला नाही.

फेब्रुवारीतला एक शनिवार मात्र मी कधी विसरणार नाही. पत्ता निघाला: ‘मी कधीच मित्राचा फोन वाजताना बघून मुद्दाम सोडून दिलेला नाही.’ पाच बोटं मिटली. कोणी उधारीमुळे, कोणी लग्नाचं आमंत्रण टाळायला. ऐरोलीकराची पाळी आली तेव्हा त्याने सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझा. एप्रिल एकवीस.”

२०२१च्या त्या एप्रिलमधल्या एका रात्री मी कोविड झालेल्या बाबांसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत होते. दोन वाजता फोनमधल्या एकेका नंबरला लावत सुटले होते. त्याला तीनदा लावला, उचलला नाही. मला वाटलं, झोपला असेल.

“जागाच होतो गं. त्या दिवसात तेरा जणांनी बेड विचारला होता, एकालाही मिळवून देता आला नाही. तुलाही नाही म्हणायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं.”

बाबांना पहाटे वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमधल्या कोविड केंद्रात बेड मिळाला आणि ते बरे होऊन घरी आले, म्हणून मी तो फोन कधीच विसरून गेले होते. तो विसरला नव्हता. बोलून झाल्यावरही त्याचं ते बोट मिटलेलंच होतं. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. जुन्या नियमाने खेळत असतो तर त्याने एक घोट घेतला असता, आम्ही हसलो असतो, आणि ही गोष्ट त्याने आणखी कितीतरी वर्षं एकट्याने बाळगली असती.

सगळंच जमलं असं नाही. ‘आपल्यात सगळ्यात आधी कोण’ या गटातले पत्ते आम्ही एप्रिलमध्ये फाडून टाकले. त्यात तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम कुणाकडे तरी बोट दाखवायचं असतं. ‘सगळ्यात आधी कोणाचा संसार मोडेल’ निघाला आणि पाच बोटं एकीकडेच वळली. ती खरोखरच तेव्हा वकिलाकडे जात होती, आम्हाला माहीत नव्हतं. ती पुढचे दोन शनिवार आली नाही. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ‘मी कधीच’मध्ये माणूस स्वतःबद्दल बोलतो, यात बाकीचे त्याच्याबद्दल निकाल देतात. हे पत्ते कुणीही काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

‘हे की ते’चे, म्हणजे दोनांतलं एक निवडायचे प्रश्न हलके आहेत, घरात मुलं, सासू-सासरे असले तरी चालतात. त्यापलीकडे फारसं सांगण्यासारखं नाही.

मे महिन्यापासून आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञाचे ३६ प्रश्नही मध्ये मध्ये घेतो. अनोळखी माणसांत जवळीक कशी तयार होते, हे तपासणारा त्याचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९९७चा. बारा-बाराचे तीन गट, प्रत्येक गट आधीच्यापेक्षा खोल, आणि उत्तर जोडीतल्या दोघांनीही द्यायचं. ही चढण मला फार पटली. आता आम्हीही आहेराच्या पाकिटांपासून सुरू करतो आणि जड पत्ते रात्री दहानंतरच काढतो. त्याचा एक प्रश्न असा की, फोन लावण्याआधी काय बोलायचं याची तुम्ही मनात तालीम करता का? ऐरोलीकर लगेच म्हणाला, “तुला लावताना करायचो. आता नाही करत.”

डबा विकत घ्यायची गरज नाही. सहा-सात माणसं, कापलेल्या पत्रिका आणि एक पेन पुरतं. एका बैठकीला आठ-दहा प्रश्नांच्या वर जाऊ नका. ‘पुढे’ म्हणायची मोकळीक पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि कोणी ‘पुढे’ म्हटलं की खरंच पुढे जा. आमच्याकडे ज्या दोन पत्त्यांवर एकाने सुरुवातीला ‘पुढे’ म्हटलं होतं, त्यातला एक त्याने जूनमध्ये आपणहून मागून घेतला.