सदनिकेतील शॉर्टवेव्हसाठी लूप अँटेना

काँक्रीटच्या भिंतींतील लोखंडी सळ्या बाहेरचे संकेत अडवतात आणि एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर व इन्व्हर्टर घरातच खरखर निर्माण करतात. म्हणून सदनिकेत शॉर्टवेव्ह (लघुलहरी) रेडिओ ऐकणाऱ्याने आधी हा गोंगाट कमी करावा आणि मगच संकेत वाढवण्याचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी मी पोलादी तारेच्या कड्याचा, यूएसबीवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह लूप अँटेना (कडे आणि त्याला जोडलेला, संकेत वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) घेतला आणि बाल्कनीच्या कठड्याबाहेर लावून टेकसन पीएल-३३० या छोट्या रेडिओच्या अँटेना जॅकला जोडला.

लांब तारेच्या अँटेनापेक्षा याची खरी सरशी दिशेच्या बाबतीत आहे. लहान लूपला त्याच्या अक्षाच्या, म्हणजे कड्याच्या मधून आरपार जाणाऱ्या रेषेच्या, दिशेने फार कमी ऐकू येते. त्यामुळे कडे हळूहळू फिरवत गेल्यास शेजारच्या दिव्याची गुणगुण एका कोनावर एकदम बसते आणि ३१ मीटर पट्ट्यातील, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या केंद्रांवरील निवेदकाचा आवाज मोकळा होतो. केवळ एवढ्यासाठीही ही खरेदी सार्थ ठरते.

उणीव वीजपुरवठ्यात आहे. स्वस्त अडॅप्टर लावल्यास त्याचीच खरखर केबलवाटे रेडिओत शिरते. पॉवर बँक अधिक चांगली, मात्र अँटेनाला वीज फारच कमी लागत असल्याने काही पॉवर बँका आपोआप बंद होतात, हे आधी तपासून घ्यावे. केबलवर फेराइटचे (खरखर रोखणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) छोटे कडे चढवावे, पावसाळ्यापूर्वी जोडणीची डबी नीट बंद करावी आणि विजा चमकू लागण्याआधीच केबल रेडिओपासून काढून ठेवावी.