नावडत्या माणसाचा खून: तीन पुस्तकं, आधी कोणतं?

छोट्या गावात एक माणूस मरतो आणि कुणाच्या डोळ्यांत टिपूसही येत नाही. उलट ‘सुटलो एकदाचे’ हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून सगळ्यांची धडपड चाललेली असते. या साच्यातल्या रहस्यकथा ढिगाने सापडतील. त्यातली एकच वाचायची असेल तर मी तीन पुस्तकं समोर ठेवीन: अगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ (१९३०), एम. सी. बीटनचं ‘डेथ ऑफ अ गॉसिप’ (१९८५) आणि लुईस पेनीचं ‘डेड कोल्ड’ (२००६). शेवटचं अमेरिकेत ‘अ फेटल ग्रेस’ या नावाने निघालं. पुस्तक तेच आहे, दोन नावं बघून दोनदा घेऊ नका. खुनी कोण, हे इथे कुठेही फोडलेलं नाही.

या साच्यात एक मूळचीच गोची आहे. मेलेला माणूस सगळ्यांनाच नकोसा असेल तर खुनाचा हेतू सगळ्यांकडेच असतो, आणि जे सगळ्यांकडे असतं त्याला पुरावा म्हणून काडीची किंमत उरत नाही. ‘याला कशाला मारावंसं वाटलं असेल?’ हा प्रश्नच बाद होतो. मग वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवायला लेखकाला दुसरं काहीतरी अवघड करावं लागतं. ख्रिस्ती वेळ अवघड करते, बीटन गुपितांवर भिस्त ठेवते आणि पेनी खुनाची पद्धतच अशक्य वाटावी अशी निवडते. तुम्हाला यातलं कोणतं कोडं आवडतं, त्यावर निम्मा निर्णय तिथेच होतो.

ख्रिस्तीच्या सेंट मेरी मीडमध्ये कर्नल प्रॉथेरो हा चर्चचा कारभारी आणि वर मॅजिस्ट्रेट. म्हणजे देवाच्या दारातही हाच आणि कोर्टातही हाच. सुरुवातीलाच गावचा पाद्री जेवणाच्या टेबलावर मांस कापता कापता बोलून जातो की कर्नलचा खून करणारा जगावर उपकारच करील. पुढे कर्नलचं प्रेत सापडतं ते याच पाद्र्याच्या अभ्यासिकेत. कथा सांगतो तोही पाद्रीच, त्यामुळे अख्ख्या पुस्तकाला एक अवघडलेला, सभ्य विनोद आपोआप चिकटतो. त्याची तरुण, अव्यवहारी बायको ग्रिझेल्डा तर स्वतंत्र पुस्तकाची धनीण आहे.

कोड्याची बांधणी अस्सल घड्याळी. अभ्यासिकेतलं घड्याळ मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे ठेवलेलं आहे, हे घरच्यांना ठाऊक. प्रेताजवळ वेळ घातलेली चिठ्ठी सापडते. गोळीचा आवाज कुणी, कधी ऐकला यावर वाद. त्यात दोन जण वेगवेगळे येऊन ‘खून मी केला’ म्हणतात. खुनांचा छडा लावणाऱ्या ख्रिस्तीच्या म्हाताऱ्या मिस मार्पलची ही पहिली कादंबरी, आणि इथली मार्पल नंतरची मायाळू आजी नाही. बागकामाच्या आडून आणि पक्षी बघायच्या दुर्बिणीतून शेजाऱ्यापाजाऱ्यांवर नजर ठेवणारी ही बाई बऱ्यापैकी खडूस आहे. मला तीच जास्त आवडते.

दोष? पात्रं फार आणि उपकथानकंही फार. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका, आत्मचरित्रात ख्रिस्तीने स्वतःच हे कबूल केलंय. मधल्या शंभर पानांत कोण कुणाकडे कधी गेलं, याची कागदावर नोंद ठेवावीशी वाटते. आणि कर्नल स्वतः? तो जिवंतपणी जेमतेम दिसतो. त्याच्याबद्दलचा राग आपल्यापर्यंत ऐकीव येतो, म्हणून त्याचं मरण कुठेच टोचत नाही. कोडं मांडायला ते सोयीचंच आहे.

बीटनचं पुस्तक याच्या बरोबर उलट वागतं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडचं लॉखडू हे काल्पनिक खेडं, तिथे गळाने मासे पकडायला शिकवणारा वर्ग, आणि विद्यार्थ्यांत लेडी जेन विंटर्स. ही वर्तमानपत्रात कुचाळक्यांचं सदर चालवणारी बाई. सोबतच्या प्रत्येकाचं काहीतरी तिला माहीत आहे, आणि ती ते चहाच्या कपाबरोबर हलकेच पुढे सरकवते. ती मरायला बराच वेळ घेते. तोवर आपणच मनात म्हणायला लागतो की आता कुणीतरी उरका रे! या पुस्तकाची खरी गंमत तेवढीच, पण ती पुरेपूर आहे. हेमिश मॅकबेथ हा आळशी, फुकट कॉफीला कायम तयार असलेला गावचा पोलीस शिपाई झकास. रहस्य मात्र पातळ. आणखी एक खोट: संशयित जवळजवळ सगळे बाहेरून आलेले. त्यामुळे गाव आरोपीच्या पिंजऱ्यात उभंच राहत नाही, काठावरून मजा बघतं. ‘छोट्या गावातला खून’ हेच आकर्षण असेल तर इथे तुमची थोडी फसगत होईल.

पेनीचं थ्री पाइन्स कॅनडातल्या क्विबेकमध्ये, कुठल्याही नकाशावर नसलेलं. सीसी द पुआतिये नावाच्या बाईचा खून होणार, हे ती पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, गोठलेल्या तळ्यावर, कर्लिंगचा (बर्फावरून जड दगड सरकवायचा खेळ) सामना बघायला गाव जमलेलं असताना सीसीला विजेचा झटका बसतो. उघड्या बर्फावर, भरगर्दीत, आणि कुणी काही पाहिलेलं नाही. हे कसं घडवता येईल, याचा उलगडा हळूहळू होतो. ख्रिस्तीच्या घड्याळापेक्षा मला हे कोडं अधिक पकडून ठेवणारं वाटलं.

पण हे पुस्तक मोठं होतं ते सीसीच्या मुलीमुळे. भावना दाबून ठेवणं म्हणजेच शांती, असं तत्त्वज्ञान विकणारी ही बाई स्वतःच्या घरात काय करते, ते क्रीकडे पाहून कळतं. क्री लठ्ठ, गप्प, घाबरलेली. नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये ती गाते, आणि तो आवाज ऐकून लोक थक्क होतात. नंतर आईने तिला काय काय सुनावलं, तेही लोकांच्या कानावर पडतं. मध्ये कुणी पडत नाही. पुढे इन्स्पेक्टर गामाश गावकऱ्यांशी बोलू लागतो, तेव्हा सीसीबद्दलच्या त्यांच्या तिटकाऱ्यात हे गप्प बसणंही मिसळलेलं असतं. सीसी अशी का झाली, हेही पेनी शोधते. तिला माफ मात्र करत नाही.

नावडत्या माणसाचा असा खून प्रत्यक्षातही झालाय. १९८१ साली अमेरिकेत मिझुरीतल्या स्किडमोर गावात गावगुंड केन मॅकेलरॉयला भर दिवसा, भर रस्त्यात, डझनावारी लोकांसमोर गोळ्या घातल्या गेल्या. बायको वगळता कुणी तोंड उघडलं नाही आणि आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही. कादंबरीत गावाने असं तोंड शिवून घेतलं तर गुप्तहेर पहिल्या प्रकरणातच घरी जाईल. म्हणून या कथांतली गावं बडबडी असतात. त्यातल्या त्यात पेनीचंच गाव स्किडमोरच्या जवळ जातं.

पेनीची अडचण अशी की ही मालिकेतली दुसरी कादंबरी आहे. गामाशच्या पोलीस खात्यातलं एक जुनं प्रकरण मध्येमध्ये डोकावतं आणि इथेच संपत नाही. नव्या वाचकाला चाललेल्या गप्पांत मध्येच येऊन बसल्यासारखं होतं. शिवाय पेनीला घाई नसते. खाण्यापिण्याची, थंडीची, चित्रांची वर्णनं पानोपानी येतात.

तर प्रवासात एका बैठकीत संपवायचं असेल, डोक्याला ताप नको असेल, तर बीटन घ्या. वही-पेन्सिल घेऊन लेखिकेशी कुस्ती खेळायची असेल तर ख्रिस्ती, आणि पुस्तकात दिलेले नकाशे अजिबात ओलांडून जाऊ नका. एकच घ्यायचं म्हणाल तर मी पेनी देईन, पण त्याआधी जमलं तर मालिकेतली पहिली ‘स्टिल लाइफ’ (२००५) वाचा. तिथे मरते ती गावाची लाडकी, निवृत्त शिक्षिका. लगोलग सीसीकडे आलात तर तेच लोक, तीच घरं, आणि तळ्यावर पडलेल्या सीसीभोवती हुंदका देणारं कुणीच नाही.