कौलं की पत्रा? बागेतल्या जुन्या बंगल्याच्या छपराविषयी

दापोलीकडच्या आमच्या आंब्याच्या बागेतला बंगला आजोबांनी १९३४ मध्ये बांधला. जांभ्याच्या भिंती, तीन बाजूंना पडवी, वर मंगलोरी कौलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने छपराची वाट लावली आणि छपरावर पुन्हा कौलंच घालायची की पत्रा, हा जुन्या घराच्या मालकांना पडणारा प्रश्न आम्हालाही पडला. पुढचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, कौलांनी शाकारलं, तिथे पैसे संपले म्हणून मागच्या पाख्यावर पत्रा घातला. तीन पावसाळे तसेच काढले. मोजमाप काही केलेलं नाही, हा एका घराचा अनुभव समजा.

पत्र्याची बाजू अगदीच लंगडी नाही. ऐन मे महिन्यात, आंबा उतरवण्याच्या आणि पेट्या भरण्याच्या धांदलीत, शाकारणीला माणूस मिळत नाही. पत्र्याचं काम दोन दिवसांत उरकतं. घर वर्षाचे दहा महिने बंद राहणार असेल, तर पत्रा घालणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पण आमच्या भागात पत्रा येतो तो मुख्यतः वानरांमुळे. वानर उडी मारतो, कौल फुटतं, मग पहिल्या पावसात माजघरात पातेली मांडा. आमचंही गणित हेच होतं. फक्त एक गोष्ट विसरलो: पत्रा घातला म्हणून वानर यायचे थांबत नाहीत. मागच्या फणसावरून सगळी टोळी थेट पत्र्यावर, तीही पहाटे साडेपाचला. आई दर वेळी दचकून उठून बसायची आणि मग दिवसभर तिचं डोकं धरलेलं. कौल फुटलं तर दुसरं सरकवता येतं, तिच्या झोपेला काय सरकवणार? जुलैत तर वानरांचीही गरज नसे. पावसाचा जोर वाढला की मागच्या खोलीत आम्ही खुणांनी बोलायचो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. पुढचं सगळं नंतर सुचलेलं म्हणा हवं तर.

नंतर सुचलेल्यात पहिला माळा. आमची घरची अढी, म्हणजे पिकायला घातलेले आंबे, माळ्यावरच असते. कौलांच्या फटींतून वारा खेळतो, आंबा सावकाश पिकतो. पत्र्याखालच्या अढीत वरचे आंबे मऊ पडायचे आणि तळचे हिरवेच राहायचे. पत्र्यावर कौलं अंथरायची मधली वाट हल्ली बरेच जण काढतात. आवाज कमी होत असेल, पण वारा बंद होतो तो होतोच.

दुसरं, कौल म्हणजे घराचा दाखलाच. उतरवलेलं कौल उलटं करून छाप वाचा. मंगळूरला बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात सरकारने मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली आणि पुढे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले. त्यामुळे कॉमनवेल्थचा छाप सापडला तर ते कौल महायुद्धानंतरचं, एवढं तरी नक्की कळतं. आमच्याकडे मिशनचा आणि कॉमनवेल्थचा असे दोन्ही छाप निघाले, म्हणजे आजोबांनी काही कौलं जुनी घेतली असणार. काटकसरी माणूस! हा दाखला जपायला बाहेरून कोणी येईल या भरवशावर राहू नका. त्याच काळातल्या मुंबईच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. आपल्या बंगल्यांना संरक्षित स्मारक ठरायला पुरातत्त्वाच्या १९५८ च्या कायद्याप्रमाणे लागणारी शंभर वर्षंसुद्धा अजून भरलेली नाहीत.

कौलं ठेवायची तर एक अडचण आधीच सांगतो. नवं कौल जुन्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही. आमची नवी पन्नास कौलं तशीच पडून आहेत. जवळपास एखादं जुनं घर पाडत असतील तर आपलं एक कौल हातात घेऊन जा, तिथल्या कौलावर बसवून बघा आणि जुळलं तरच उचला. शे-दीडशे जास्तीची ठेवा, वानरांच्या वाट्याची.

आमचं मागचं पाखं २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा कौलारू झालं. उतरवलेला पत्रा पेट्यांच्या शेडवर घातला. वानर तिथेही नाचतात, पण शेड घरापासून बरीच लांब आहे.