पंखे फिरतात, स्क्रीन काळी: बी५५० बोर्ड, दोन पावसाळ्यांनंतर

रायझन ५ ५६००जी, बी५५० मायक्रो एटीएक्स बोर्ड, डीडीआर४ च्या ८ जीबीच्या दोन रॅम, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय. या जोडणीतल्या मदरबोर्डाबद्दल (पुढे नुसता ‘बोर्ड’) हा अभिप्राय. बोर्डाच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण माझी तक्रार या किमतीतल्या बहुतेक बोर्डांना लागू होते: खोक्यात बिघाड कुठे आहे ते बीप देऊन सांगणारा स्पीकर नाही. रंगीत स्टिकर आहेत, साटा केबल आहे, पण चार पिनांच्या हेडरवर बसणारा तो बोटाच्या पेराएवढा काळा डबा नाही. याला काटकसर म्हणत नाहीत, चिंधीगिरी म्हणतात.

पहिला पावसाळा निर्विघ्न गेला आणि तेव्हा मी या बोर्डाला चार स्टार दिले होते. दुसऱ्या पावसाळ्यात बटण दाबल्यावर पंखे फिरायचे, दिवे लागायचे आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणायचा. दुरुस्तीवाल्याचं निदान न बघताच तयार होतं: बोर्ड गेला. सर्व्हिस सेंटरला बिल, सीरियल नंबरचा स्टिकर आणि सुटा केलेला बोर्ड हवा होता. एएम४ मध्ये, म्हणजे या बोर्डाच्या प्रकारच्या सॉकेटात, पिना प्रोसेसरला असतात, म्हणून हे सुटं करणं धोक्याचं. कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट घट्ट बसली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर सरळ वर खेचू नका, आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळून सैल करा. पण तिथवर जायची वेळच येऊ नये.

आधी फुकटचं तपासा. मॉनिटरचा इनपुट बरोबर पोर्टवर आहे का? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डात हवी, बोर्डात नको. ‘जी’ नसलेला साधा ५६०० असेल, किंवा इंटेलचा नावापुढे एफ असलेला प्रोसेसर, तर त्यात ग्राफिक्स नसतंच, बोर्डाच्या एचडीएमआयवर जन्मात चित्र दिसणार नाही. मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली, प्रोसेसरला वीज देणारी ४+४ पिनची केबल बघा. ती सैल असली तरी पंखे फिरतात, म्हणून ‘पंखा फिरतोय म्हणजे पॉवर ठीक’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. मल्टिमीटर असेल तर मशीन चालू असताना सप्लायच्या पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. हिरवी तार काळ्या तारेला जोडून सप्लाय सुटा चालवण्याची युक्ती फक्त तो सुरू होतो एवढंच सांगते, भार पेलतो की नाही हे सांगत नाही.

या बोर्डावर निदानाचे चार दिवे आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात, जो लागून राहतो तिथे घोडं अडलेलं. सोय उत्तम, जागा भिकार. दिवे २४ पिनच्या जाड केबलमागे, अक्षरं मुंगीएवढी. कॅबिनेट टेबलाखाली असेल तर मोबाइलचा टॉर्च घेऊन जमिनीवर आडवं व्हायचं. स्पीकर असता तर खुर्चीतून कळलं असतं.

तो स्पीकर मुंबईत लॅमिंग्टन रोडला शंभराच्या आत मिळतो. ग्रँट रोड स्टेशनाबाहेर पडून पहिल्याच दुकानात विचारलंत तर ‘आता कोण वापरतं?’ असं उत्तर येईल, पुढे चालत राहा. तो हेडरवर लावा, मेन स्विच बंद करून सगळ्या रॅम काढा, मग मशीन चालू करा. रॅम नसल्याची बोंब मारली तर प्रोसेसर, बायोस (बोर्डावरचं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) आणि बोर्डाचा बराचसा भाग जिवंत आहे. अगदी गप्प राहिला तर सप्लाय, प्रोसेसर, बायोस याच क्रमाने संशय घ्या. असूसच्या बोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड म्हणजे रॅम सापडत नाही, एक लांब आणि तीन आखूड म्हणजे ग्राफिक्स सापडत नाही. इतर कंपन्यांची भाषा वेगळी, मॅन्युअल उघडा.

माझ्या मशीनवर ही बोंब ऐकू आली आणि माझं बोर्डाबद्दलचं मत फिरलं. बोर्ड ठणठणीत, रॅमचे संपर्क खराब. जून ते सप्टेंबर समुद्राकडची खिडकी उघडी, मशीन आठवडाभर बंद, मग सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर बसणारच. खोडरबर घासू नका. मुलामा अगदी पातळ असतो, तो झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटात जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड पुरे. स्लॉट मऊ कोरड्या ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटात बसवा. या बोर्डावर खटका एकाच बाजूला आहे, त्यामुळे दुसरं टोक अर्धवट राहिलं तरी बसल्यासारखं वाटतं. दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबा. चित्र आलं की दुसरी रॅम चौथ्या स्लॉटात.

एवढ्यावर भागलं नाही तर सीएमओएस साफ करायचा, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणायच्या. प्लग काढून मॅन्युअलमध्ये त्यासाठी दाखवलेल्या बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर दहा सेकंद टेकवा, सीआर२०३२ सेल जुना असेल तर तोही बदला. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधीच मोबाइलमध्ये ठेवा, विंडोज ती मागू शकतं. डीडीआर५ वाल्यांनी पहिल्या बूटला, आणि सीएमओएस साफ केल्यावरही, काही मिनिटं काळी स्क्रीन सोसावी. रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं, मध्येच बटण दाबू नका.

आता पावसाळ्यात रोज तासभर मशीन चालू ठेवतो, उष्णतेने आत दमट राहत नाही. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायचा सल्ला ऐकू नका, पंखे बाहेरची दमट हवा सतत आत ओढत असतात, पुड्या काय करणार?

चारचे दोन झालेले स्टार आता साडेतीनवर आणले. अर्धा कापला तो फक्त स्पीकरसाठी, आणि तो परत मिळणार नाही. नवीन जोडणी घेत असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच स्पीकर लावून, रॅम काढून एकदा चालू करायला सांगा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.