एकेकट्याशी बोलायचं की गटात बसवायचं?

निर्वासित कुटुंबांसाठी काम सुरू करणाऱ्या मैत्रिणीचा प्रश्न होता: ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ घेऊ की ‘सेल्फ-हेल्प प्लस’? दोन्ही मानसिक ताण हलका करण्यासाठीचे कार्यक्रम, जागतिक आरोग्य संघटनेचे, पाच बैठकांचे, आणि प्रशिक्षित सामान्य माणसं चालवू शकतील असे.

मनुष्यबळात दुसरा सरळ स्वस्त. तीसेक जण एकत्र बसतात, ध्वनिमुद्रण लावायचं, हातात चित्रांची पुस्तिका. वाचता येत नसलं तरी अडत नाही. युगांडात दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांवर तो तपासला गेला, तेव्हा ताण कमी झाला. तीन महिन्यांनी फरक उरला, पण लहानसा. मात्र वस्तीतल्या लोकांच्या भाषेत ध्वनिमुद्रण नसेल तर सुरुवातीचा खर्च अंगावर येतो.

पहिल्यात मदतनीस एकाच व्यक्तीसोबत दीड तास बसतो. अडकलेले कागद, घरातली भांडणं अशी खरी अडचण घेऊन तिचे छोटे तुकडे पाडतो. इतक्या खोलात गटात जाता येत नाही. उलट गटात कुणाला आपली कहाणी सांगावी लागत नाही. अनेकांना तेच बरं वाटतं.

वस्ती मोठी, माणसं कमी, तर ‘सेल्फ-हेल्प प्लस’. मोजकी पण जास्त खचलेली माणसं असतील, मदतनिसांवर देखरेख करणारं कुणी असेल, तर पहिला. जीव देण्याचा विचार बोलून दाखवणाऱ्याला मात्र थेट तज्ज्ञाकडेच न्या.